फॉर्मवर ‘मजेत’ लिहू नये

ब्रॅकनेल,
१२ ऑक्टोबर

तीर्थरूप दादाला सुलक्षणाचा साष्टांग नमस्कार. (पत्रातून साष्टांग नमस्कार घालणं फार सोयीचं असतं. वाकावं लागत नाही आणि उठताना कोणाला हात मागावा लागत नाही.) तुझी प्रकृती कशी आहे? सुनीतीवहिनींचे गुडघे काय म्हणतात? तुझं मागचं पत्र पोचलं. एकूण चार ओळी. त्यातल्या तीन ग्लासगोच्या पावसावर आणि चौथी, ‘मी ठणठणीत, काळजी नसावी.’ जन्मभर डॉक्टरकी करून दुसऱ्यांच्या दुखण्यांवर पानंच्या पानं लिहिलीस आणि स्वतःच्या प्रकृतीवर एक ओळ? तीही इतक्या बारीक अक्षरात की राजीवला भिंग शोधावं लागलं. इकडे आम्ही दोघं मजेत आहोत. माझं अक्षर या वेळी सुवाच्य वाटेल, त्याचं आश्चर्य मानू नकोस. नवं पेन घेतलंय. (राजीव हसतोय. का, ते तोच जाणे.)

आता मोठी बातमी, इतके महिने पोटात ठेवलेली. सरकारने माझा सल्ला मागितला आहे. लहानपणापासून तू मला ऐकवत आलास की सुली, तुला कोणी विचारलेलं नसताना तू सल्ले देतेस. तर आता विचारलंय, लेखी, शिक्क्यासह. म्हातारपणाची पेन्शन आणि अपंगत्वाचे भत्ते या दोन गोष्टींवर सरकारला सल्ला द्यायला आमच्या भागासाठी एक मंडळ नेमलंय. आठ माणसं. तीन एका पक्षाची, तीन त्याच्या विरुद्ध पक्षाची, एक अध्यक्षा कुठल्याच पक्षाची नसलेली आणि एक सदस्य जनतेतून, म्हणजे मी. जनता म्हणजे मी हे मला आधीपासून ठाऊक होतं, पण सरकारी कागदावर वाचून बरं वाटलं. मंडळ फक्त सल्ला देतं. तो मानायचं बंधन मंत्र्यांवर नाही, मात्र मानला नाही तर का नाही ते त्यांना लेखी कळवावं लागतं. हे सगळं मी राजीवला समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायचं, विचार करून सल्ला द्यायचा आणि तो कोणी मानायचा नाही, हे काम मी पंचेचाळीस वर्षं घरात करतोय, माझा अर्ज कसा नाही घेतला?

पहिल्या सभेसाठी मी चाळीस मिनिटांचं भाषण तयार केलं. रोमच्या धान्यवाटपापासून सुरुवात, मौर्यांच्या राज्यात निराधार म्हाताऱ्यांना कोण सांभाळायचं तिथून वळण, मग गरिबांना डांबून राबवणाऱ्या इथल्या जुन्या वर्कहाउसांच्या दारात आणून श्रोत्यांना रडवायचं आणि ‘ही भीक नव्हे, हा हक्क आहे’ या वाक्यावर टेबलावर हात आपटून बसायचं. (डावा हात. डावा जास्त वाजतो.) तीस वर्षं इथल्या पोरांना इतिहास शिकवलाय, त्यामुळे विषय तोंडात होता. पण अध्यक्षा ग्वेन प्रायचर्ड या वेल्समधल्या निवृत्त सुईणबाई. त्यांनी पिशवीतून कोंबडीच्या आकाराचं घड्याळ काढलं, अंडी उकडताना लावतात तसलं. पिळलं आणि टेबलावर ठेवलं. प्रत्येकाला तीन मिनिटं. दादा, मी अजून रोमच्या वेशीबाहेरसुद्धा पडले नव्हते तेव्हा ती कोंबडी किणकिणली. ग्वेनबाई म्हणाल्या, ‘थँक यू, लव्ह, दॅट वॉज लव्हली,’ आणि पुढचा विषय घेतला. महिनाभराने सभेचा वृत्तान्त आला. त्यात माझ्या भाषणाची नोंद अशी: ‘एका सदस्याने मत मांडले.’ रोम नाही, मौर्य नाहीत, एका सदस्याने मत मांडले! मी तो कागद राजीवला तीनदा वाचून दाखवला.

पुढचा विषय कोणता, तर पेन्शनच्या पत्रांतली अक्षरं म्हाताऱ्यांना दिसत नाहीत, ती मोठी करावीत का? करावीत, यावर सगळ्यांचं एकमत. तरी दीड तास लागला. एका बाजूला चौदा आकडा हवा, दुसरीला सोळा. शेवटी पंधरा ठरला आणि दोन्ही बाजू आपणच जिंकल्याच्या चेहऱ्याने बिस्किटांकडे वळल्या. नियम असा आहे की कुठलीही शिफारस दोन्ही बाजूंची एकेक सही झाल्याशिवाय वर जात नाही. एकीकडून सही करतात मिस्टर विल्कॉक्स, मूळचे यॉर्कशरचे, कायम हातात पेन्सिल. दुसरीकडून मिसेस ओडोनेल, लिव्हरपूलच्या, आवाज माझ्या तोडीचा. एखाद्या पद्धतीला मी ‘निर्दयी’ म्हणावं, मिसेस ओडोनेलनी ‘अपुरी’ म्हणावं, विल्कॉक्सनी ‘थोडी कडक’ म्हणावं आणि कागदावर उतरावं ‘सुधारण्याजोगी’. पहिले तीन महिने मी घरी येऊन आदळआपट करायची. मग हळूहळू ध्यानात आलं की दोन्ही बाजूंच्या हातांतून गेलेली ती मिळमिळीत ओळ टिकते. सरकार बदललं की आधीच्यांची घणाघाती वाक्यं नवे लोक पहिल्याच आठवड्यात फेकून देतात, पण जिच्याखाली आपल्याच माणसाची सही आहे ती ओळ फेकता येत नाही. जन्मभर मी टाळ्यांसाठी बोलत आले, दादा, टिकण्यासाठी कसं बोलायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं. (राजीव म्हणतोय, इथे परिच्छेद कर. केला.)

आता मीनलची गोष्ट, कारण मी जिच्यामुळे हे पत्र लिहायला बसले ती हीच. आमच्यापासून दोन घरं सोडून राहते, एकसष्ट वर्षांची, एकटी. इथल्या एका कंपनीत वीस वर्षं कॉम्प्युटरवर काम केलं आणि मग संधिवाताने बोटं अशी वाकडी झाली की चहाचा कप दोन्ही तळव्यांमध्ये दाबून धरते. तिला पिप नावाचा अपंगत्वाचा भत्ता मिळतो आणि त्यावर एक लाल गाडी. स्टिअरिंगला मूठ बसवलेली, बाकी सगळं बटणांवर. ती गाडी म्हणजे मीनलचे पाय आणि निम्मे हात. तिच्यातूनच ती हॉस्पिटलला जाते, कोमट पाण्याच्या व्यायामाला जाते आणि मंडळाच्या कार्यक्रमाला आम्हा चौघींना भरून नेते. (हे मंडळ वेगळं, महाराष्ट्र मंडळ. तिथे कोंबडी नाही.) तर मे महिन्यात तिला पत्र आलं की भत्त्याची फेरतपासणी आहे, बाई घरी येऊन पाहतील.

घरी येणार म्हटल्यावर आपल्या माणसांचं काय होतं ते तुला माहीत आहे. मीनलने आठ दिवस आधीपासून घर आवरायला काढलं. म्हणजे आम्ही काढलं. पडदे राजीवने धुतले. आमच्या चौघींतल्या स्वातीने आदल्या दिवशी रेडिंगहून येऊन दडपे पोह्यांची तयारी करून ठेवली, नारळाच्या वड्या थापल्या. मीनलला रेशमी साडी मी नेसवली, केस स्वातीने विंचरले. ती तपासनीस मुलगी आली, वयाने आपल्या नातींएवढी, गोड, सर्दीने नाक लाल झालेलं. तिला पाहून मीनलचा जीव विरघळला. स्वयंपाकघरातून ट्रे स्वतःच घेऊन आली. बोटांनी धरवत नाही म्हणून दोन्ही हातांवर पेलून, दात आवळून, पण तोंडावर हसू. मुलीला दिसला तो ट्रे आणि ते हसू. तिने विचारलं, कुकिंगला काही त्रास? मीनल म्हणाली, ‘नो, नो, नॉट ॲट ऑल. हॅव वन मोअर, बेटा, ऑल होममेड.’ कपडे घालायला कोणाची मदत लागते का? ‘आय मॅनेज.’ रात्री झोप लागते का? ‘गॉड इज काइंड.’ पुढचे दोन दिवस तिला कंगवा उचलता येत नव्हता, पण तेव्हा ती मुलगी तिथे नव्हती.

आणि मी काय करत होते? दादा, मी भाषण करत होते. कोंबडी नव्हती ना! मीनल किती थोर आहे हे त्या परक्या पोरीला कळलंच पाहिजे असं मला वाटलं. ही बाई आमच्या समाजाचा कणा आहे, आमच्या दिवाळीला दोनशे माणसांचा स्वयंपाक ही एकटी सांभाळते, असं मी बारा मिनिटं सांगितलं. (सांभाळायची. अकरा वर्षांपूर्वी. व्याख्यानात काळ जरा पुढेमागे होतो.) मुलगी भराभर लिहून घेत होती आणि मला मनातून गुदगुल्या होत होत्या, की अखेर माझ्या भाषणाची कोणीतरी नीट नोंद घेतंय.

घेतलीच. तीन आठवड्यांनी अहवाल आला. भरलेला ट्रे उचलून आणला. नीटनेटका पोशाख, केस व्यवस्थित. घर स्वच्छ. कुठल्याही अडचणीची तक्रार नाही. आणि शेवटी, ‘उपस्थित मैत्रिणीच्या सांगण्यानुसार त्या दोनशे माणसांचा स्वयंपाक एकट्या सांभाळतात.’ भत्ता बंद. गाडी परत करावी. निर्णय मान्य नसेल तर महिन्याच्या आत कळवावं. मीनलने मला चहा करू का म्हणून विचारलं. तिने मला फटकारलं असतं तर मी इतकी मेले नसते.

पुढच्या सभेला मी तोफा भरूनच गेले. पण दारातच ग्वेनबाईंनी मला बाजूला घेतलं. एकेका माणसाच्या प्रकरणावर मंडळात बोलता येत नाही, आणि शेजारणीच्या तर नाहीच. तसं काही असेल तर लिहून द्या आणि तो विषय तोंडातून काढू नका. मी लिहून दिलं. तोंडाला कुलूप लागल्यासारखी बसले. अक्षरांचा आकार पुन्हा एकदा झाला, फोनवर वाजणाऱ्या संगीताचा आवाज झाला आणि पाचवा विषय निघाला, घरी तपासणीला येण्याआधी जे एक पानी पत्र पाठवतात त्याचा मजकूर. त्यात कोणती कागदपत्रं काढून ठेवा, कुत्रा बांधून ठेवा, सगळं होतं. मी हात वर केला. ग्वेनबाईंनी कोंबडी पिळली. विल्कॉक्सनी पेन्सिल खाली ठेवली आणि खुर्चीत मागे टेकले, रोमला जायच्या तयारीने.

मी म्हटलं, आमच्यात दारातून जो येतो तो पाहुणा. पाहुण्यापुढे दुखणी मांडायची नसतात, खायला ठेवायचं असतं. पाहुण्याने विचारलं कसे आहात, तर मजेत म्हणायचं असतं, मग आतून कितीही ठणकत असो. तुम्ही ज्याला परीक्षक म्हणून पाठवता त्याला आम्ही पाहुणा समजतो आणि आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस खोटाखोटा उभा करून दाखवतो. तेव्हा पत्रात एवढं लिहा की आवरू नका, काही करू नका, रोज जसे असता तसे असा आणि सगळ्यात वाईट दिवसाबद्दल सांगा. बस्स, एवढंच बोलून मी थांबले. कोंबडीत अजून दोन मिनिटं शिल्लक होती. ती तशीच टिकटिकत राहिली.

मग मिस्टर विल्कॉक्स म्हणाले की त्यांची आई ऑक्सिजनची नळी काढून, लिपस्टिक लावून तपासनीसाला आणायला फाटकापर्यंत चालत गेली होती. मिसेस ओडोनेल म्हणाल्या, माझे वडील गोदीत काम करून एका फुप्फुसावर आलेले, पण पाहुणीला उन्हात बसता यावं म्हणून त्यांनी एकट्याने सोफा हलवला. विल्कॉक्स म्हणाले, ‘मम हूवर्ड ॲज वेल.’ आधी कार्पेट झाडून घेतलं होतं म्हणे! मिसेस ओडोनेल खो खो हसल्या आणि मग दोघंही टिश्यू शोधायला लागले, एकमेकांच्या खिशात शोधतील की काय असं वाटलं. मी इतकी वर्षं समजत होते की हा वेडेपणा आपलाच खास. चार मिनिटांत दोन्ही सह्या झाल्या. ‘सुधारण्याजोगी’ हा शब्दसुद्धा कोणाला आठवला नाही. नंतर वृत्तान्त आला: ‘एका सदस्याने मत मांडले. मंडळ सहमत.’ दोन शब्द वाढले, दादा! मी फ्रिजवर लावलाय.

पण मंडळाची शिफारस पुढच्यांसाठी, मीनलच्या गाडीला तिचा काय उपयोग? तिची महिन्याची मुदत संपत आली होती. म्हणून शेवटच्या रविवारी मी तिच्या टेबलाशी ठाण मांडलं आणि फेरविचाराच्या अर्जात काय जमत नाही ते एकेक लिहायला घेतलं. (लिहायला राजीवला बसवलं. माझं अक्षर ऑफिसातल्या लोकांना लागत नाही.) बटणं लावता येतात का? ‘येतात गं, थोडा वेळ लागतो.’ किती? ‘थोडा.’ मी घड्याळ लावलं. एका कार्डिगनला अकरा मिनिटं. ती म्हणाली, ‘हे नको ना लिहू सुलक्षणा, लोक काय म्हणतील?’ मी म्हटलं, ‘अगं वेडे, लोक नाहीत ते, डिपार्टमेंट आहे!’ तरी प्रत्येक ओळीला तेच. डबा उघडत नाही, नको लिहू. किल्ली फिरत नाही, नको लिहू. शेवटी हळूच म्हणाली, ‘लिहिलं की ते खरं होतं गं.’ राजीवने पेन खाली ठेवलं, उठून चहा केला, मग आम्ही तिघांनी पुन्हा सुरुवात केली.

अर्जासोबत मी एक पत्र जोडलं. त्यात लिहिलं, की मी त्या दिवशी जे बोलले ते अकरा वर्षांपूर्वीचं होतं, साडी मी नेसवली होती, वड्या स्वातीच्या होत्या आणि माझं भाषण पुरावा म्हणून धरू नये. आयुष्यात पहिल्यांदा मी माझे शब्द मागे घेतले. राजीव म्हणाला, याची एक प्रत आपल्याकडेही राहू दे. परवा मंगळवारी उत्तर आलं. भत्ता पुन्हा चालू, गाडी तिचीच. मीनलने आमच्या दारात गाडी आणून तळव्याने सणसणीत हॉर्न वाजवला. या देशात हॉर्न म्हणजे शिवी, सगळ्या गल्लीचे पडदे हलले. मग तिने आम्हाला विंडसरला नेऊन आइस्क्रीम खाऊ घातलं, ऑक्टोबरच्या वाऱ्यात, गाडीच्या काचा बंद करून.

पत्र लांबलं. तुला कंटाळा आला असेल तर कोंबडी पिळायची होतीस. वहिनींना नमस्कार. घरातल्या वडीलधाऱ्यांना लिहायची पद्धत आहे, पण आता तुझ्याहून मोठं कोणी उरलेलं नाही, तेव्हा त्यांच्या वाट्याचेही नमस्कार तूच घे.

तुझी,
सुली

ता. क. – सोबत एक फॉर्म आहे. तो मीनलचा नाही, तुझा आहे. स्कॉटलंडात म्हाताऱ्यांच्या अपंगत्वाचं काम तिथलंच सरकार पाहतं आणि फॉर्मही वेगळा असतो, म्हणून तुमच्याकडचाच शोधून छापून घेतलाय. वहिनींवर रागावू नकोस. तुझ्या शर्टाची बटणं त्या लावतात, कप अर्धाच भरून देतात आणि तू त्यांना शपथ घातली आहेस, हे त्यांनी मला सांगितलेलं नाही. (पाऊण तास रडल्या फक्त.) आणि त्या बिचाऱ्या गप्प राहिल्या असत्या तरी अक्षर ओळीगणिक बारीक होत जाणं हे कंपवाताचं लक्षण असतं, ते अप्पाकाकांचं पत्र हातात धरून मला कोणी शिकवलं होतं? तूच ना? मग भर फॉर्म. सगळ्यात वाईट दिवस आठवून भर. ठणठणीत हा शब्द त्यात कुठेही दिसता कामा नये.

ता. क. दुसरा – कोणी पाहायला आलंच, तर टाय लावू नकोस, वहिनींना सांजा करू देऊ नकोस आणि येणाऱ्या माणसाचंच ब्लड प्रेशर मोजायला घेऊ नकोस. मी तुला ओळखते.

ता. क. तिसरा (हा राजीवकडून) – चंद्रशेखरदादा, सा. न. सुलक्षणा पाकीट शोधायला वर गेली आहे तेवढ्यात लिहितो. नवं पेन वगैरे काही नाही. हे सगळं पत्र तिने सांगितलं आणि मी लिहिलं, मागचं आणि त्यामागचंही मीच लिहायला हवं होतं, पण तेव्हा ती ऐकेना. फेब्रुवारीत बर्फावरून पडल्यापासून तिच्या उजव्या मनगटात जोर नाही. पेन धरवत नाही, पोळी लाटवत नाही, वेणी मी घालतो (आता बरी जमते). मंडळात सगळ्या सदस्यांना नमुना म्हणून अपंगत्वाच्या भत्त्याचा फॉर्म स्वतःसाठी भरून पाहायला सांगितला होता. तिचा मी पाहिला. सगळ्या रकान्यांत तिने मला एकच शब्द लिहायला लावला, ‘मजेत’. मी सांगून ती ऐकणार नाही, माझं मंडळ फक्त सल्ला देतं. पण तुमचं ती ऐकते. येत्या रविवारी अकरा वाजता फोन करतो. तुमच्याकडे सुनीतीवहिनी लिहायला बसतील, इकडे मी बसेन, आणि तुम्ही दोघं भावंडं एकमेकांबद्दल सांगा. स्वतःबद्दल खरं बोलायला तुम्हाला जमणार नाही, पण एकमेकांची उणीदुणी काढायला तुम्ही दोघं लहानपणापासून तयारच आहात.

जिन्यात पावलं वाजली. काय लिहितोयस म्हणून विचारतेय. सांगितलं, तुमच्या प्रकृतीची चौकशी. म्हणतेय, त्यांना लिही, आमच्याकडे सगळं उत्तम.